पिकअपमधली तानुअक्का

"सर, भुताला वजन असतं का?"

नववी ब च्या भरल्या वर्गात हा प्रश्न मी उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला! खरं तर कुंदा आणि जमनाने पैज लावली होती. "बेबी, फार शूर झालीस ना? मग विचार मोतीलाल सरांना!" मागच्या वर्षीपर्यंत 'हजर' म्हणतानासुद्धा मला घाम फुटायचा. पण यंदा वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि माझी जीभ अशी काही सुटली की आई म्हणते, हिला वेसणच घालायला पाहिजे.

वर्ग खिदळला. फळ्यावर ताणकाट्याची आकृती काढत असलेले सर वळले. मला वाटलं, आता खडू फेकून मारतात. पण सर शांतपणे म्हणाले, "असेल, तर स्प्रिंग दबेल. दबली, तर मोजता येईल. तू मोजून आण, मग मी सांगतो."

"आणते सर! सोमवारच्या आत आणते!"

तर मंडळी, एवढं छातीठोक मी का बोलले, ते आधी सांगते. कारण भूत आमच्या घरचंच होतं. रोज मी त्याच्याच गाडीतून शाळेत येत होते!

आमचा मळा पहूरपासून आत, आडरस्त्याला. केळीच्या बागेतून बाहेर पडलं की नाला लागतो. नाल्यात दगड असे की आमच्या पिकअपच्या मागच्या आसाचा गोळा रोज एकाला तरी धडकायचा. शेवटी भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी जळगावला नेली आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवून, ते टांगायला लांब कड्या बसवून उंच करून आणली. इतकी उंच की आईला चढायला खाली पाट ठेवावा लागतो. रस्त्याने निघाली की वाटतं, उंटाला चाकं लावली आहेत. भाऊ मात्र नवरदेवासारखे मिरवत होते.

आणि दुसऱ्याच दिवशी तो आवाज सुरू झाला.

"कुईंऽऽऽ... कर्रक्. कुईंऽऽऽ... कर्रक्."

गाडी केळीच्या घडांनी भरलेली असली की चिडीचूप. रिकामी परतताना मात्र मागून, उजव्या कोपऱ्यातून, संथ लयीत आवाज यायचा. घाई नाही, गडबड नाही. कोणीतरी आरामात बसून झोके घेत असल्यासारखा!

आमच्या घरात हा आवाज ओळखत नाही असं कोणी नाही. तानुअक्का ही भाऊंची आत्या. जन्मभर आमच्याकडे राहिली आणि जन्मभर ओसरीवरच्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसली. हातात तपकिरीची डबी, डोळे सगळ्या घरावर. "कुईंऽऽ... कर्रक्" चालू आहे तोवर ठीक. पण बंगई थांबली, की समजायचं अक्काने कोणाला तरी पाहिलं! मग दुधाच्या सायीत बोट घातलेलं मूल असो, नाही तर गोठ्यामागे बिडी ओढणारे भाऊ असोत. मागच्या पोळ्याला अक्का गेली. तिची बंगई लगेच काढून टाकली. कारण कोणी सांगितलं नाही, पण त्या रात्री घरातली सगळी माणसं पहिल्यांदाच पाय पसरून झोपली.

आणि आता तोच आवाज पिकअपमधून!

गंमत म्हणजे कोणीच कोणाला काही बोलत नव्हतं. गाडी कुरकुरली की आई डोक्यावर पदर घ्यायची. भाऊ पेटती बिडी खिडकीतून फेकायचे आणि म्हणायचे, "कफ होऊन राह्यला मले." घड वाहणाऱ्या बायांची मुकादम धुरपदाबाई गाडी भरताना मागच्या उजव्या कोपऱ्यात कोणाला हात लावू देत नव्हती. "तठी घड नको रचू व! तठी अक्का बसते." गाडी भरली की अक्काला अवघडल्यासारखं होतं, म्हणून ती गप्प राहते, असं तिचं शास्त्र. आमचा ड्रायव्हर मगन धुळ्याकडचा. त्याने तर आरसाच फिरवून ठेवला होता. मागे काय आहे ते दिसायलाच नको!

एका संध्याकाळी मी भाऊंचं बोलणं ऐकलं.

"त्या आवाजापायी विकूनच टाकतो गाडी. भडगावचे पितांबरशेठ घ्यायले तयार आहेत."

"मंग बेबीची शाळा?" आई म्हणाली.

"गाडी गेली त घरी बसंल. आडरस्त्यानं एकट्या पोरीले धाडू का मी?"

घरी बसायचं? नववीत? ढाल मिळाल्यावर? नाही, नाही, त्रिवार नाही! मी तिथल्या तिथे गणित मांडलं. आवाज आहे म्हणून विक्री आहे. आवाज शून्य, तर विक्री शून्य. हे गणित एवढं सोपं होतं की ते चुकलेलं असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही!

शनिवारी अर्ध्या शाळेनंतर कुंदा आणि जमना आमच्याकडे राहायला आल्या. आईला सांगितलं, विज्ञानाचा अभ्यास आहे. ते खोटं नव्हतंच!

दिवस कलताना मगन भाजीची करंडी पोचवायला निघाला. आम्ही तिघी दप्तरांसकट मागच्या रिकाम्या हौद्यात चढलो. केळीच्या बागेतला रस्ता तुम्ही पाहिला आहे का? दोन्हीकडची पानं वर एकमेकांना भिडलेली. बाहेर ऊन असलं तरी आत हिरवा काळोख. गारवा असा, की मानेवर कोणीतरी ओला हात ठेवलाय. वाळलेली पानं खोडांना घासत होती आणि माणसं कुजबुजावीत तसा आवाज येत होता.

"कुईंऽऽऽ... कर्रक्."

जमनाने माझा दंड असा धरला की तिच्या नखांचे वण अजून आहेत.

"ब... बेबी, मोज ना वजन!"

"मोजते! घाई काय आहे!" मी म्हणाले. माझी ढाल घरी कपाटात होती.

"आपण तिघी डाव्या बाजूला जाऊ," कुंदा म्हणाली. गेलो. आवाज तसाच. मग जीव मुठीत धरून तिघी उजव्या कोपऱ्याकडे सरकलो, बरोबर अक्काच्या जागेवर. आणि आवाज थांबला!

थांबला म्हणजे एकदम, अर्ध्यात. "कुईं" झालं आणि "कर्रक्" झालंच नाही.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. घरात बंगई थांबली की काय समजायचं, ते मी दोघींना आदल्याच दिवशी रंगवून सांगितलं होतं. जमना तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मी काही केलं नाही हो अक्का!" कुंदाने तर दप्तरातली माझी रंगपेटी काढून मला परत केली. ती आठवीपासून हरवलेली होती!

गाडी परत आली तेव्हा आम्ही केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी घेतली आणि चाकापासून हौद्यापर्यंतची उंची मोजली. डावी बाजू मोजली, उजवी मोजली. पुन्हा मोजली. गाडी रिकामी होती, आम्ही तिघी खाली होतो, आणि तरी उजवा कोपरा दोन बोटं खाली होता.

"बसली आहे," जमना म्हणाली आणि सरळ घरात जाऊन आईच्या मागे उभी राहिली.

रात्रभर मला झोप नाही. पण सकाळच्या उन्हात माणूस शूर होतो. रविवारी भाऊ बागेत गेले, मगन अंघोळीला गेला, आणि मी बॅटरी घेऊन पिकअपखाली शिरले. गाडी उंच केल्याचा हा एकच फायदा, आत आरामात मांडी घालता येते! कुंदा बाहेरून माझे पाय धरून बसली होती. म्हणे, काही झालं तर ओढून काढीन.

मी बॅटरी उजव्या पाट्याच्या टोकावर मारली, आणि तिथून एक पोपट माझ्याकडे बघत होता.

मी किंचाळले. कुंदाने ओढलं. माझी वेणी बोल्टात अडकली. पुन्हा किंचाळले!

"काय आहे? काय आहे?"

"पोपट!"

"गाडीखाली?"

"लोखंडी पोपट, कुंदे! अक्काच्या बंगईचा!"

खरंच. पाट्याचं टोक ज्या दोन लांब पट्ट्यांना टांगलं होतं, त्या अक्काच्या बंगईच्या कड्या होत्या! वरच्या टोकाला कोरलेला पोपट, त्याची चोच झिजलेली. आमच्या घरात काही टाकून देत नाहीत. केळीचं खोड कापलं तरी त्याच्या सोपटाची दोरी होते. मग जळगावच्या मिस्त्रीने "लांब कड्या आणा" म्हटल्यावर भाऊ दुकानात कशाला जातील? घरात अक्काचं अस्सल जुनं लोखंड होतं ना! गाडी भरली की पाटे दबून कड्या गच्च बसायच्या. रिकामी झाली की झुलायच्या आणि रडायच्या. आणि उजवी कडी जास्त झिजलेली, कारण अक्का जन्मभर बंगईच्या उजव्या टोकालाच बसायची. बाजू खाली गेली ती त्याने!

"सर, वजन सापडलं!" असं मी जाहीर केलं तेव्हा माझ्या नाकाला काळं लागलं होतं, पण तो क्षण आर्किमिडीजचा होता.

गोठ्यात बैलगाडीच्या वंगणाचं नळकं टांगलेलं असतं. ते आणून मी दोन्हीकडच्या कड्या अशा माखल्या की पोपट गुदमरला असता. भाऊंना लगेच सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. आधी गाडी चालू दे, सगळे थक्क होऊ देत, मग मी ओसरीवर उभी राहून भाषण करीन. भाषणाची सुरुवातसुद्धा पाठ केली होती!

दुपारी मगन रिकामी गाडी घेऊन निघाला. बागेतून नाल्याकडे जाईपर्यंत चूं नाही, चां नाही. शांत! लोण्यासारखी गाडी!

आणि तेवढ्यात गाडी उभी करून मगन अनवाणी धावत परत आला. एक चप्पल नाल्यात, एक हातात.

"अक्का उतरी गई! अक्का उतरी गई व माय!"

"कोठी?" आईच्या हातातली परात पडली.

"काय माहित! आते कोठे बसनी व्हई? मी दोनच फन्या लिध्यात, भाऊ! पोरेंस्नासाठे लिध्यात!"

"केळीच्या फण्या? कोणत्या घेतल्या तू?" भाऊ म्हणाले.

मग जे सुरू झालं! बंगई थांबली म्हणजे अक्काने पाहिलं, हे सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. धुरपदाबाई म्हणाली, कालच्या घडांतला एक घड तिच्या माहेरी गेला होता. आई रडवेली होऊन म्हणाली, "श्रावणी सोमवारी मी चहात बटर बुडवून खाल्लं व माय! तेच पाह्यलं अक्कानं!" भाऊंनी कडब्याच्या गंजीखालून बिड्यांचं बंडल काढून चुलीत टाकलं.

त्यानंतर घर म्हणजे नुसती कुरकुर! कपाट वाजलं की आई दचके. खाट वाजली की भाऊ उठून बसत. विहिरीवरचा रहाट करकरला तेव्हा धुरपदाबाईने लांबूनच हात जोडले. "अठी उतरली वाटते!" त्या एका संध्याकाळी तेल न लावलेलं प्रत्येक दार आमच्याकडे अक्का झालं! आणि खरं सांगू? रात्री झाकपाक करताना ओसरीवरचे बंगईचे रिकामे आकडे दिसले, आणि मीसुद्धा त्यांच्याखालून न जाता वळसा घेतला.

आता हे ताणण्यात अर्थ नव्हता. मी ओसरीवर उभी राहिले.

"भाऊ, आई, अक्का वगैरे काही नाही! आवाज कड्यांचा होता. बंगईच्या कड्या तुम्हीच लावल्या ना गाडीला? मी त्यांना वंगण घातलं, आवाज गेला. विज्ञान!"

टाळ्या पडल्या नाहीत.

"कड्या अक्काच्याच ना?" आई हळूच म्हणाली.

"हो, पण..."

"मंग? तिच्या कड्या असतील तठीच बसंल ना ती!"

"आणि तू त्याहिले वंगण फासलं?" भाऊंचा आवाज चढला. "बैलगाडीचं? अक्काले? जी बाई खोबऱ्याच्या तेलाशिवाय केसाले हात लावत नव्हती! मंग उतरून जाईल नाही त काय!"

माझं सगळं भाषण वाया गेलं. पण खरा घाव पुढे होता. भाऊंचा चेहरा एकदम उजळला.

"पण बरंच झालं एका अर्थी. अक्का बसलेली गाडी विकू कशी, हाच त घोर होता मले. लोक म्हणतील, लीलाधरनं घरची म्हातारी गाडीसकट विकली! आता उतरलीच आहे त परत चढायच्या आत देऊन टाकू. उद्या येऊ द्या पितांबरशेठले."

म्हणजे आवाज होता म्हणून गाडी घरात होती! आणि तो मी, माझ्या या दोन हातांनी, घासूनपुसून घालवला! एवढ्या हुशारीने स्वतःची शाळा बंद पाडणारी मुलगी जिल्ह्यात दुसरी नसेल.

सोमवारी मी पोट दुखतं म्हणून घरी राहिले. शाळेत सरांना काय सांगणार होते? कड्या सापडल्या, पण मी बुडाले?

संध्याकाळी पितांबरशेठ आले. पांढरीशुभ्र टोपी, पोट असं की स्टेअरिंगला आधी तेच लागावं. "चक्कर मारी लेऊत," ते म्हणाले. नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मगन चालवणार, शेठ आणि भाऊ पुढे बसणार.

मी तोवर हौद्यात सोपटाच्या ढिगाखाली शिरले होते! आवाज नसेल, तर आवाज मी होईन! चौदा वर्षं तो आवाज ऐकत वाढलेय, मला नाही जमणार तर कोणाला?

गाडी बागेत शिरली. वर हिरवा काळोख मिटला. मी नाक चिमटीत धरून सुरू केलं, "कुईंऽऽऽ... कर्रक्! कुईंऽऽऽ... कर्रक्!" इतकं हुबेहूब, की माझ्याच अंगावर काटा आला. पुढे भाऊंचा आवाज ऐकू आला, "अरे देवा! चढली!"

नाल्याशी गाडी थांबली. शेठ खाली उतरले, टायरला लाथ मारली, वाकून पाहिलं आणि हसले. "हाई काय, लीलाधरभाऊ! घाबरी काय गयात? पाटास्ना आवाज शे. जराखं वंगण लावं का बठ्ठा बंद! माले पसंत शे गाडी."

संपलं. इतक्या कलेचं हेच चीज! भूत व्हायलासुद्धा समोर घाबरणारा माणूस लागतो. तिघं पुढे उभं राहून बोलत होते तेवढ्यात मी मागून गुपचूप खाली उतरले आणि केळीच्या ओळींतून आडवी घराकडे निघाले. अंधारून येत होतं. वाळकी पानं खांद्याला चाटून जात होती आणि प्रत्येक वेळी वाटायचं, कोणीतरी "बेबे" म्हणतंय. मी रडत होते, त्यामुळे भ्यायला फारशी फुरसत नव्हती.

घरी पोचले तर ओसरीवर पितांबरशेठ! टोपी हातात, चेहरा तांदळाच्या पिठासारखा. आई त्यांना पाणी देत होती आणि तांब्या त्यांच्या दातांवर वाजत होता.

"माले गाडी नको, बाई. मी पायी जास पहूरले."

"मगन सोडून देईल ना गाडीतून," आई म्हणाली.

"गाडीतून?" शेठ असे उठले की पोट मागे राहिलं आणि ते पुढे! धोतराचा सोगा धरून जे गेले, ते फाटकाबाहेर वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी आनंदाने उडीच मारली. शाळा वाचली! भाऊंनी माझ्या केसांतलं सोपट उपटलं आणि डोळे वटारले.

"तूच होती ना मागं?"

"हो भाऊ," मी मान खाली घातली. "माझी शाळा..."

"अगं, जाताना केलं ते केलं. पण येताना? नाल्यापासून घरापर्यंत एकसारखं कुईं, कुईं! शेठनं दोनदा गाडी थांबवली. वाकून पाह्यलं, सोपटं उचकून पाह्यली, हौदा रिकामा! बसले की पुन्हा सुरू, जसं कोणी त्याहिले खेळवून राह्यलं! कोठी लपली होतीस तू?"

मी भाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, मी येताना गाडीत नव्हते. मी नाल्यावरच उतरले. बागेतून चालत आले."

आईने डोक्यावर पदर घेतला. मगन चप्पल न घालता जोत्यावरून खाली उतरला. मग भाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "फाटकापाशी मी मगनकडून एक बिडी मागून घेतली. पेटवली, आन् आवाज थांबला."

अंगणात पिकअप उभी होती. उंच, काळी, रिकामी. उजवा कोपरा थोडा खाली.

वंगण तापून गळलं असेल, मोतीलाल सर असंच म्हणतील. मीही म्हणते. शंभर वेळा म्हणते. पण तेव्हा मी भाऊ आणि आईच्या मधोमध जाऊन, दोघांचेही हात घट्ट धरून, वक्तृत्वाच्या आवाजात सांगितलं:

"मी ठरवलंय! मी शाळा सोडणार नाही. दहावी करणार, पुढेही शिकणार. पण त्या गाडीत आता पाऊल ठेवणार नाही, उद्यापासून मी चालत जाणार! आडरस्ता असो, नाला असो, काही असो! आणि तुम्हाला सोबत द्यायचीच असेल ना भाऊ, तर कृपा करून जिवंत माणसाची द्या!"